रिव्हॉल्व्हरची गोळी: सरावाची आणि घरात ठेवायची

सरावाला आणि स्वसंरक्षणाला रिव्हॉल्व्हरमध्ये कुठलं काडतूस वापरायचं, हा प्रश्न अमेरिकेत विचारला तर लोक तासभर बोलतात, पुण्यात विचारला तर उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात मिळतं, बत्तीस, म्हणजे .32 इंच मापाचं. बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो पण पंचनाम्यात 'जिवंत काडतूस' वेगळं आणि 'रिकामी पुंगळी' वेगळी, आणि तेच बरोबर आहे, कारण काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, मागची कॅप, आतली दारू आणि पुढचं शिसं असा सगळा संसार असतो.

बत्तीसच का, तर शस्त्र कायदा 1959 चा, नियम 2016 चे, त्यात .380, .455, 9 एमएम असले फौज-पोलिसांचे बोअर, म्हणजे नळीच्या भोकाची मापं, सामान्य माणसाला बंद. कानपूरची सरकारी रिव्हॉल्व्हर बत्तीसची, 2014 मध्ये बायकांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलेली अर्ध्या किलोची 'निर्भीक' पण बत्तीसचीच. काडतुसाचं पूर्ण नाव .32 स्मिथ अँड वेसन लाँग, जन्म 1896 सालचा, शिसं साधारण 98 ग्रेनचं म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या थोडं वर, वेग सेकंदाला 700 फुटांच्या आसपास. ताकद 9 एमएमच्या साधारण एक तृतीयांश. विकणारा काहीही सांगो, गोळी अशक्त आहे, पण धक्का कमी बसतो त्यामुळे नवख्या हाताचा नेम पटकन बसतो, आणि चुकलेल्या जोरदार गोळीपेक्षा लागलेली हलकी गोळी कधीही बरी.

पुणेकरांना यातली गंमत म्हणजे काडतुसाच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं असली तर ते खडकीचं. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, 1 ऑक्टोबर 2021 पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे आणि त्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच. अर्थात गाव आपलं म्हणून काही सूट नाही, खरेदी लायसनवरच आणि लायसनवर लिहिलेल्या कोट्यातच.

दुकानात नुसतं "बत्तीस द्या" म्हणू नका. पिस्तूलवालेही त्यांच्या 7.65 एमएमच्या काडतुसाला बत्तीसच म्हणतात, ते वेगळं आहे, त्याचा दाब जास्त असतो, एखाद्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसं भरायच्या फिरत्या चक्रात ते बसलं तरी उडवायचं नाही. यूट्यूबवर बघून लोक विचारतात की अमेरिकेत .357 मॅग्नम या जोरदार काडतुसाचं रिव्हॉल्व्हर असलेले सरावाला स्वस्त .38 स्पेशल काडतूस वापरतात तसं आपल्याकडे काय? तिकडे ते जमतं कारण 1935 चं मॅग्नम म्हणजे स्पेशलचीच पुंगळी इंचाच्या आठव्या भागाएवढी लांब केलेली, म्हणून आखूड काडतूस चक्रातल्या लांब घरात जातं, उलटं जात नाही. बत्तीसमध्येही जुनं आखूड काडतूस होतं, पण इथे त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. सरावाचं आणि घरातलं काडतूस एकच असलेलं चांगलं, कारण शिशाचं वजन बदललं की धक्का बदलतो आणि गोळी टार्गेटवर वरखाली लागते, फिक्स साइटच्या, म्हणजे नेम धरायची खूण हलवता न येणाऱ्या रिव्हॉल्व्हरला ते सुधारताही येत नाही.

स्पर्धेतल्या 25 मीटर सेंटरफायर (कॅप बुडाच्या मध्यावर असलेल्या काडतुसाच्या) पिस्तूलला हेच बत्तीस लाँग चालतं, फक्त शिसं पुढून सपाट असतं, त्याला वॉडकटर म्हणतात, कागदाला पंचिंग मशीनने पाडल्यासारखं गोल भोक पडतं आणि गुण मोजायला वाद होत नाही. घरात मात्र गोल तोंडाचंच बरं, घाईत चक्रात भरताना सपाट तोंड कडेला अडकतं. आणि कोट्यामुळे गोळ्या जपूनच वापराव्या लागतात, म्हणून खरा सराव दारू नसलेल्या डमी काडतुसांवर, नाहीतर बालेवाडीसारख्या नेमबाजीच्या रेंजवर .22 किंवा एअर पिस्तूलवर होतो.

आता साठवण, याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. चामड्याच्या पट्ट्यातल्या खाचांत काडतुसं वर्षभर ठेवली की पितळेवर हिरवट पूड धरते, कातडं कमावताना वापरलेल्या रसायनांचा आणि आपल्या पावसाळी दमटपणाचा तो परिणाम. पुसून वापरतात लोक, मी म्हणेन वापरू नका. तेलही काडतुसांपासून लांब ठेवा, कॅपमध्ये झिरपलं तर ती फुसकी होते. दरवर्षी जुनी काडतुसं रेंजवर संपवायची आणि नवीन घरात ठेवायची, म्हणजे मिसफायर, म्हणजे घोडा पडूनही गोळी न उडणं, झालाच तर रेंजवर होतो. तिथे झाला तर नळी टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं, मग काडतूस काढून कॅपवरचा खड्डा बघायचा. खड्डा खोल असेल तर दोष काडतुसाचा, उथळ असेल तर घोड्याची स्प्रिंग थकलेली, मग काडतुसांचे डबे बदलून काही होणार नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एवढं बघावं की अशक्त म्हटलं तरी ही गोळी प्लायच्या दारातून आरपार जाते आणि पलीकडे कोण झोपलंय ते तिला कळत नाही. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे, तोही गरजेपुरत्याच बळाचा. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी 2019 च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निवडणूक आली की शस्त्र जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा काडतुसं मोजून पावतीवर आकडा लिहून घ्यावा, परत घेताना तोच आकडा पुन्हा मोजायला लागतो.