डिजिटल कौशल्ये, फर्दर एज्युकेशनच्या प्रारंभिक अध्यापक-प्रशिक्षणातील (इंग्लंड)

इंग्लंडमध्ये सोळा वर्षांवरील विद्यार्थ्यांना विद्यापीठाबाहेर मिळणारे शिक्षण 'फर्दर एज्युकेशन' किंवा 'एफई' या नावाने ओळखले जाते. विटकाम, वायरिंग, केशकर्तन, बालसंगोपन, हिशेबनिसी यांसारखे व्यवसाय-अभ्यासक्रम, प्रौढांचे साक्षरता व गणिताचे वर्ग, शिकाऊ उमेदवारी आणि तुरुंगातील शिक्षण हे सारे त्यात येते. आपल्याकडील आयटीआय, तंत्रनिकेतने आणि प्रौढशिक्षण एकत्र धरल्यास या क्षेत्राचा साधारण अंदाज येईल. तेथे नव्याने शिकवू लागलेल्यांच्या पहिल्या व्यावसायिक प्रशिक्षणात डिजिटल साधनांनी शिकवण्याची क्षमता कशी घडवावी, हा प्रस्तुत नोंदीचा विषय होय.

शालेय शिक्षकाच्या प्रशिक्षणाहून हे प्रशिक्षण एका मूलभूत बाबतीत वेगळे आहे. एफईतील बहुसंख्य अध्यापक आधी एखाद्या धंद्यात किंवा व्यवसायात काही वर्षे घालवून येतात, कॉलेजात नेमले जातात आणि मग नोकरी सांभाळून अर्धवेळ प्रशिक्षण घेतात. पूर्णवेळ, नेमणुकीपूर्वीचे प्रशिक्षणही उपलब्ध आहे. पण मुख्य वाट नोकरीतूनच जाते. त्यामुळे प्रशिक्षणार्थी पहिल्या आठवड्यापासून वर्गावर उभा असतो आणि त्याच्या कॉलेजात जी साधने, ऑनलाइन पाठ व साहित्य ठेवण्याच्या 'मूडल' या संगणकप्रणालीची जी मांडणी, जे सहकारी असतील त्यांवरूनच त्याचे डिजिटल वळण ठरते. एकाच तुकडीत संगणकावर आराखडे काढण्यात तरबेज असलेला यंत्रकार आणि ईमेलपलीकडे फारसा न गेलेला गवंडी शेजारी बसतात. दोघांना एकच 'संगणक-परिचय' देऊन कोणाचेच भले होत नाही.

*ऐतिहासिक आढावा.* तांत्रिक अध्यापकांच्या स्वतंत्र प्रशिक्षणाला चालना मिळाली ती १९४४ च्या मॅकनेअर समितीच्या अहवालानंतर. बोल्टन, लंडन व हडर्सफील्ड येथील प्रशिक्षण महाविद्यालये १९४६-४७ च्या सुमारास निघाली. वुल्व्हरहॅम्प्टन त्यांत नंतर सामील झाले. सत्तरच्या दशकातील हेकॉक्स समितीच्या अहवालांनी अर्धवेळ प्रशिक्षणाची चौकट सुचवली. तरीही प्रशिक्षण बराच काळ ऐच्छिकच राहिले. नव्या अध्यापकांना पात्रता सक्तीची झाली ती २००१ मध्ये.

डिजिटल कौशल्ये या प्रशिक्षणात नेमकी केव्हा आली, याचे उत्तर कशाला आरंभ मानावे यावर अवलंबून आहे. शासकीय धोरण हा निकष धरला तर १९९६ चा हिगिन्सन समितीचा अहवाल आरंभस्थानी येतो. १९९३ मध्ये कॉलेजे स्थानिक प्राधिकरणांच्या ताब्यातून बाहेर पडून स्वायत्त झाली होती आणि तंत्रज्ञानात गुंतवणूक करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली होती. त्या पार्श्वभूमीवर या अहवालाने यंत्रांइतकाच भर कर्मचाऱ्यांच्या तयारीवर दिला. १९९९ पासूनचे नॅशनल लर्निंग नेटवर्क आणि शिक्षणातील तंत्रज्ञानासाठीच्या बेक्टा या सरकारी संस्थेची 'फर्ल' ही माहितीसेवा या मालिकेतलीच. परंतु हे बहुतांशी आधीच शिकवत असलेल्यांसाठी होते. प्रारंभिक प्रशिक्षणाचा विचार करता २००७ हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. भाषा, साक्षरता व संख्याज्ञान यांचा 'किमान गाभा' प्रशिक्षण-अभ्यासक्रमांसाठी २००४ मध्ये ठरवण्यात आला होता; त्यात माहिती-तंत्रज्ञानाची भर २००७ मध्ये पडली. त्याच वर्षीच्या नियमांनी प्रशिक्षणाची त्रिस्तरीय पात्रतारचना, 'क्यूटीएलएस' हा व्यावसायिक दर्जा आणि पूर्णवेळ अध्यापकांना वर्षाला ३० तासांचा व्यावसायिक विकास बंधनकारक केला. या गाभ्याचा रोख मात्र अध्यापकाच्या वैयक्तिक संगणक-कौशल्याकडे झुकलेला होता. तंत्रज्ञानाने शिकवावे कसे, हा प्रश्न बराचसा प्रशिक्षकाच्या मर्जीवर राहिला.

बेक्टा २०११ मध्ये बंद झाली. लिंगफील्ड समितीच्या २०१२ च्या शिफारशींनंतर २००७ चे नियम २०१३ मध्ये मागे घेण्यात आले आणि अध्यापकाला कोणती पात्रता हवी हे ठरवणे कॉलेजांकडे गेले. नेमक्या याच वर्षी, जानेवारी २०१३ मध्ये, तत्कालीन मंत्री मॅथ्यू हॅनकॉक यांनी एफईतील अध्ययन-तंत्रज्ञानाविषयी 'फेल्टॅग' हा कृतिगट नेमला. मार्च २०१४ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालातील गाजलेली शिफारस अशी होती : २०१५-१६ पासून सरकारी निधीवरच्या प्रत्येक अभ्यासक्रमाचा १० टक्के भाग पूर्णपणे ऑनलाइन असावा आणि २०१७-१८ पर्यंत तो ५० टक्क्यांपर्यंत नेण्यास उत्तेजन द्यावे. चर्चा झाली ती बहुतेक या टक्केवारीचीच. अध्यापकांची क्षमता वाढवण्याविषयीचा त्याच अहवालातील भाग अधिक मोलाचा होता आणि तोच मागे पडला. सक्तीची पात्रता नुकतीच उठवल्यामुळे शासनाच्या हाती प्रारंभिक प्रशिक्षणावर प्रभाव टाकण्याचे साधनही फारसे उरले नव्हते, ही विसंगती नोंदवणे आवश्यक आहे.

*सैद्धांतिक बैठक.* प्रशिक्षण-अभ्यासक्रमांत सर्वाधिक आढळणारी चौकट 'टीपॅक' (तंत्रज्ञान, अध्यापन व विषय यांचे संयुक्त ज्ञान) ही होय. तिच्या मुळाशी ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलेला विचार आहे : विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे ज्ञान यांच्या संयोगातून अध्यापकाचे एक खास ज्ञान तयार होते. त्यात तंत्रज्ञानाचे तिसरे वर्तुळ जोडण्याचे श्रेय सर्रास पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोलर यांच्या २००६ च्या लेखाला दिले जाते. (मिश्रा यांचे दृश्य-संज्ञापनाचे शिक्षण मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात झाले.) तथापि तिन्ही घटकांच्या संयोगाचा उल्लेख मार्गारेट निस यांच्या २००५ च्या लेखात आणि त्याआधी पिअर्सन यांच्या २००१ च्या अभ्यासातही आढळतो. या कल्पनेचा एकच जनक शोधण्यात फारसा अर्थ नाही. मिश्रा-कोलर यांनी परस्परांना छेदणारी तीन वर्तुळे, त्यांतून होणारे सात विभाग आणि भोवतीचा संदर्भ अशी सुटसुटीत मांडणी केली, व तीच रूढ झाली असे म्हणणे योग्य ठरेल.

पुढचा वाद अधिक महत्त्वाचा आहे. तिन्ही ज्ञाने स्वतंत्रपणे वाढवली की त्यांचा संयोग आपोआप होतो, असे एका पक्षाच्या मांडणीतून सूचित होते. अँजेली व व्हॅलानिडीस यांनी २००९ मध्ये याला हरकत घेतली. त्यांच्या मते हे संयुक्त ज्ञान स्वतंत्र जातीचे असून ते खास त्यासाठी आखलेल्या अनुभवातूनच येते. एफईतील अनुभव दुसऱ्या मताला अनुकूल दिसतो. उत्तम कारागीर असलेला, फोन सराईतपणे हाताळणारा माणूस केवळ तेवढ्याने फोनच्या साहाय्याने कारागिरी शिकवू लागत नाही. दुसरी अडचण मोजमापाची. टीपॅकची बरीच सर्वेक्षणे स्वयंमूल्यांकनावर बेतलेली असल्याने ती क्षमतेऐवजी आत्मविश्वास मोजतात, हा आक्षेप रास्त आहे.

या चौकटीतला आणखी एक प्रश्न खास एफईचा आहे. शाळेत इतिहास शिकवताना संगणक हे शिकवण्याचे साधन असते. मोटार-दुरुस्तीच्या वर्गात मात्र गाडीतील दोष शोधणारे स्कॅनिंग उपकरण हे त्या धंद्याचेच हत्यार असते, म्हणजे तो विषयाचाच भाग झाला. आणि त्या उपकरणाचा वापर दाखवणारी चित्रफीत हे अध्यापनाचे साधन. तंत्रज्ञान अशा रीतीने दोन ठिकाणी येते. वर्तुळांची आकृती हा भेद नीट दाखवत नाही. जुन्या साधनाच्या जागी नवे ठेवण्यापासून काम नव्याने घडवण्यापर्यंत तंत्रज्ञानाचा वापर चढत्या क्रमाने मांडणारी पुएंतेदुरा यांची 'सॅमर' ही चार पायऱ्यांची शिडी प्रशिक्षणवर्गांत लोकप्रिय असली तरी तिला संशोधनाचा आधार तुटपुंजा आहे.

*क्षमता-आराखडे.* एज्युकेशन अँड ट्रेनिंग फाउंडेशन ही संस्था २०१३ मध्ये स्थापन झाली. तिच्या २०१४ च्या २० व्यावसायिक मानकांपैकी एक थेट तंत्रज्ञानाविषयी होते. याच संस्थेने जिस्क या शिक्षणसंस्थांना डिजिटल सेवा पुरवणाऱ्या संस्थेच्या सहकार्याने २०१८ मध्ये डिजिटल अध्यापन-व्यावसायिक आराखडा काढला. युरोपीय आयोगाच्या २०१७ च्या 'डिजकॉम्पएज्यु' या शिक्षकांच्या डिजिटल क्षमतांच्या आराखड्याशी तो जोडलेला आहे. युरोपीय आराखड्यात ६ क्षेत्रे व २२ क्षमता असून प्रावीण्याचे टप्पे ए१ ते सी२ असे भाषाशिक्षणातल्यासारखे आहेत. इंग्लंडच्या आराखड्यात सात घटक व तीन टप्पे आहेत. विषय व उद्योगविशिष्ट अध्यापन आणि सुगम्यता व समावेशन यांना त्यात स्वतंत्र घटकाचे स्थान मिळाले, हा त्याचा मोठा गुण. त्यावर आधारित छोटे ऑनलाइन पाठ व डिजिटल बिल्ले विनामूल्य देण्यात आले.

*प्रत्यक्ष प्रशिक्षण.* वीजकाम शिकवणाऱ्या प्रशिक्षणार्थीचे उदाहरण घेता येईल. दुरुस्तीपूर्वी सप्लाय सुरक्षितपणे तोडण्याची क्रिया ठरलेली असते : मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचे, टेस्टर चालू आहे याची ज्ञात स्रोतावर खात्री करायची, मग तारांत वीज नसल्याचे तपासायचे आणि शेवटी टेस्टर पुन्हा त्याच स्रोतावर लावून पाहायचा. ही शेवटची पायरी गाळण्याकडे शिकाऊंचा कल असतो. टेस्टर मध्येच बिघडला असेल तर ते तिथेच कळते, आणि न कळल्यास जिवावर बेतू शकते. फळ्यावर पायऱ्या लिहिणे, स्वतः करून दाखवणे आणि विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या हातांचे चित्रण करून ते ई-पोर्टफोलिओत, म्हणजे कामाच्या ऑनलाइन संग्रहात, ठेवणे, असे तीन मार्ग प्रशिक्षणार्थीपुढे असतात. चित्रण थांबवून पाहता येते, गाळलेली पायरी विद्यार्थ्याला स्वतःला दिसते आणि मूल्यमापनाचा पुरावाही तयार होतो. मात्र सबटायटल्स नसतील तर कमी ऐकू येणारा विद्यार्थी मागे पडतो; आणि कार्यशाळेत कोणाचे चेहरे चित्रित होतात, फीत कोठे साठवली जाते, हे आधी ठरवावे लागते. हा सारा विचार पाठटाचणात उतरवणे आणि पाठनिरीक्षणानंतर त्यावर बोलणे, हेच खरे डिजिटल प्रशिक्षण. साधनांची ओळख करून देणारा वेगळा तास त्याची जागा घेऊ शकत नाही.

याच कारणाने दोन व्यक्ती निर्णायक ठरतात. पहिली व्यक्ती स्वतः प्रशिक्षक : तो स्लाइड वाचून दाखवत असेल तर प्रशिक्षणार्थीही तेच करतो. दुसरी व्यक्ती कॉलेजातील विषय-मेंटॉर, म्हणजे त्याच विषयातील अनुभवी मार्गदर्शक. ऑफस्टेड या शिक्षण-तपासणी संस्थेने २००३ च्या पाहणीत एफई-प्रशिक्षणातील विषयनिहाय मेंटॉरिंगची उणीव कठोर शब्दांत दाखवली होती. वीजकामातील चित्रणाची योग्यायोग्यता वीजकाम जाणणाराच सांगू शकतो, त्यामुळे ही उणीव डिजिटल बाबतीत अधिकच जाणवते. मेंटॉरला त्यासाठी तासिकांतून सवलत मिळाली नाही, तर आराखडे कागदावरच राहतात.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने सर्वांनाच ऑनलाइन शिकवायला लावले. त्यातून व्हिडिओ-बैठकींचा सराव झाला. हातकामाच्या विषयांत मात्र अडचणी तशाच राहिल्या. त्यानंतर २०२२ च्या कौशल्यविषयक कायद्याने एफईच्या प्रारंभिक प्रशिक्षणाचे नियमन करण्याचा अधिकार शासनाला दिला. सप्टेंबर २०२४ पासून व्यवसायमानकावर आधारित पाचव्या स्तराची नवी अध्यापन पदविका जुन्या पदविकेच्या जागी आली. जुन्या पदविकेत प्रत्यक्ष अध्यापनाचे किमान १०० तास व आठ पाठनिरीक्षणे होती. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जिस्कने २०२१ मध्ये राष्ट्रीय केंद्र सुरू केले असून प्रशिक्षण-अभ्यासक्रमांत त्या विषयाचे स्थान अजून स्थिरावलेले नाही.

युनायटेड किंग्डमच्या इतर भागांत व्यवस्था वेगळ्या आहेत. वेल्सने २०१९ मध्ये सोळा वर्षांपुढील डिजिटल अध्ययनासाठी 'डिजिटल २०३०' हे धोरण जाहीर केले. स्कॉटलंडमध्ये कॉलेज-अध्यापकांसाठी 'टीक्यूएफई' ही पात्रता आहे.