कोसला : ओळख, पुरुषपण आणि मृत्यू

भालचंद्र नेमाडे (जन्म १९३८, सांगवी, ता. यावल, जि. जळगाव) यांची ‘कोसला’ ही पहिली कादंबरी १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. पंचविशीतला पांडुरंग सांगवीकर स्वतःची हकिगत सांगतो : खानदेशातल्या गावाहून तो पुण्याला शिकायला जातो, वसतिगृहात राहतो, वडिलांचा पैसा उडवतो, परीक्षेत गटांगळ्या खातो आणि पदवी न घेताच घरी परततो. कथानक म्हणाल तर एवढेच. वसतिगृहाची पाने वाचताना हसू आवरत नाही, त्यामुळे कित्येकांच्या आठवणीत ही विनोदी कादंबरी म्हणूनच राहिली आहे. गाभा मात्र काळाकुट्ट आहे.

पांडुरंगाचे घर सधन शेतकऱ्याचे. तापीकाठच्या केळी-कपाशीच्या पट्ट्यात अशा घरातला मुलगा म्हणजे वावराचा वारस आणि उद्याचा कर्ता. त्याला शिकवायचे तेही घराचे वजन वाढावे म्हणून. वडील गावातले वजनदार, व्यवहारी, कडक. बापलेकांत जे काही बोलणे होते त्याच्या तळाशी बहुधा पैसा असतो : किती पाठवला, कुठे गेला, त्याचे काय झाले. पुण्यात पांडुरंग मोकळ्या हाताने खर्च करतो, पुढारपण अंगावर घेतो, दोस्तांची सरबराई करतो. हीही मर्दानगीच, फक्त बापाच्या पैशावर चालणारी; आणि ते त्याला कळत नाही असे नाही. पैसा आटतो तसा दोस्तांचा घोळकाही पातळ होतो. बापासारखा हिशेबी पुरुष त्याला होता येत नाही आणि पुणेरी सुशिक्षितही होता येत नाही. कॉलेजच्या दिवसांवरची कादंबरी असून तिच्यात प्रेमप्रकरण जवळजवळ नाही, हे त्या काळच्या मराठी वाचकाला चांगलेच खटकले असणार. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ या शब्दांची पेरणी पुढे अनेकांनी उचलली. पांडुरंगाच्या तोंडी ती सरळ बोलायचे टाळणाऱ्या माणसाची सवय आहे. नक्कल करणाऱ्यांना सवय तेवढी जमली.

या टाळाटाळीला खिंडार पडते ते मनीच्या मृत्यूने. मनी ही पांडुरंगाची लहान बहीण. देवीच्या रोगाने ती जाते. देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये, म्हणजे कादंबरीच्या आदल्याच वर्षी सुरू झाला आणि देश देवीमुक्त ठरायला १९७७ उजाडले. त्यामुळे पहिल्या वाचकांना हे मरण शेजारच्या घरातले वाटले असेल. घरात मुलाच्या शिक्षणावर पैसा ओतला जातो आणि पोर साथीत जाते. हा ताळेबंद कादंबरी कुठे मांडून दाखवत नाही, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात तो आपोआप मांडला जातो. पांडुरंगाचे दुःख संतापाच्या वाटेने बाहेर पडते आणि घरावर उलटते. पुरुषाने रडायचे नसते, चिडलेले चालते, हा घराघरातला रिवाज इथे उघडा पडतो. मनी गेल्यानंतरची पाने मराठी गद्यातल्या सर्वांत जिव्हारी लागणाऱ्या पानांपैकी आहेत. पुढे अजिंठ्याच्या लेण्यांत हिंडताना हेच दुःख पुन्हा वर येते. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणातला बुद्ध कुशीवर पहुडला आहे, खाली शोक करणारे शिष्य कोरले आहेत. भगवंताचे मरण दगडात राहते, गावातल्या पोरीचे कुठेच राहत नाही.

याच मुलखातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) जगणे-मरणे यांत एका श्वासाचे अंतर मानले. ऐन तिशीत वैधव्य येऊनही त्यांच्या ओवीत मरणाशी एक समजूत आहे. शिकलेल्या पांडुरंगाला ती समजूत घालून घेता येत नाही.

कादंबरीची एक उणीव इथेच नोंदवायला हवी. निवेदन पूर्णपणे पांडुरंगाच्या ताब्यात असल्याने मनीचे मरण अखेर त्याचे दुःख होऊन बसते. आईचा शोक आपल्याला त्याच्या नजरेतून जेवढा दिसेल तेवढाच.

नेमाड्यांनी हीच गाठ ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) मध्ये पुन्हा हातात घेतली. तिथे उत्खननात रमलेला खंडेराव वडिलांच्या आजारामुळे खानदेशातल्या मोरगावी परततो. या खेपेला मरण वडिलांचे आहे, आणि वारस म्हणून उभे राहायची वेळ आलेला मुलगा मागच्या शेकडो पिढ्यांचा पसारा डोक्यात घेऊन आलेला आहे.