अनेक भाषा, अनेक परंपरा, एक प्रशिक्षण: संस्थाचालकांसाठी माहितीपत्रक

श्रद्धेच्या पायावर उभ्या राहिलेल्या आणि वेगवेगळ्या भाषा-समाजांतील कार्यकर्त्यांना एकत्र शिकवणाऱ्या सेवाभावी संस्थांचे अध्यक्ष, विश्वस्त आणि संचालक यांच्यासाठी हे पत्रक आहे. शिबिराची आखणी, दुभाष्यांची व्यवस्था आणि सत्रे चालवणे ही कामे आम्ही करतो. काही निर्णय मात्र आम्ही घेऊ शकत नाही आणि घेऊही नयेत. ते नेतृत्वाचे आहेत. ते आधी झाले नाहीत, तर चांगली आखणीसुद्धा पहिल्या दिवशी दुपारपर्यंत विस्कटते.

वेळेचा हिशेब भाषेपासून

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक अशी: कार्यक्रमपत्रिका एका भाषेसाठी तयार होते आणि मग त्यात दुभाषी बसवला जातो. वक्ता थांबून दुभाष्याला बोलू देतो, त्या पद्धतीत वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. 90 मिनिटांच्या सत्रात 45 मिनिटांचाच मजकूर मावतो, आणि त्यातूनच प्रश्नोत्तरांनाही वेळ काढावा लागतो. हे लक्षात न घेता भाषण तेवढेच ठेवले, की वक्ता घाई करतो, दुभाषी सारांश सांगू लागतो आणि दुसऱ्या भाषेच्या लोकांना अर्धेच शिबिर मिळते. त्यांनी प्रवास मात्र पूर्ण केलेला असतो. म्हणून मजकूर कमी करण्याचा निर्णय आधी घ्या. कोणते तीन मुद्दे गाळायचे हे वक्त्यावर सोडू नका, कारण वक्ता सहसा शेवटचे मुद्दे गाळतो आणि कृतीचा भाग नेमका शेवटी असतो.

तीन भाषा असतील तर थांबून भाषांतर करण्याचा विचार सोडून द्या. वेळ तिप्पट होतो आणि प्रत्येक श्रोता दोन-तृतीयांश वेळ न समजणारे ऐकत बसतो. अशा वेळी वक्ता बोलत असतानाच कानात भाषांतर पोहोचवणारी यंत्रणा घ्यावी, नाहीतर भाषेनुसार गट वेगळे करून दिवसातून एकदाच सर्वांना एकत्र आणावे. यंत्रणा घेतल्यास प्रत्येक भाषेसाठी दोन दुभाषी लागतात आणि ते दर 20 ते 30 मिनिटांनी आलटून-पालटून बोलतात. एकालाच दिवसभर बसवले, तर थकव्याने वाक्ये गळू लागतात आणि ती गळत आहेत हे खुद्द दुभाष्यालाही कळत नाही. शेजारी बसून कुजबुजत सांगणे दोन-तीन श्रोत्यांपुरते ठीक आहे. त्याहून जास्त लोक असतील तर आवाज वाढतो आणि सगळ्यांनाच त्रास होतो.

प्रश्न विचारणाऱ्याच्याही हातात माइक हवाच. दुभाष्याच्या कानात आवाज थेट जावा लागतो, सभागृहात घुमणारा आवाज पुरत नाही. पडद्याकडे बोट दाखवून “हे बघा” म्हणू नये. भाषांतर काही सेकंद मागे असते, तोवर पडद्यावर पुढचे पान आलेले असते. पानाचा क्रमांक उच्चारून सांगावा.

दोन्ही भाषा येणारा आपलाच कार्यकर्ता दुभाषी म्हणून बसवण्याचा मोह होतो. तसे करायचे असेल तर दोन अटी पाळा. त्याने प्रथमपुरुषी बोलावे: “ते म्हणतात की” नाही, थेट “मी”. आणि तो वक्त्यापेक्षा पदाने मोठा नसावा. वरिष्ठ धर्मगुरू कनिष्ठाचे भाषांतर करू लागला, की नकळत तो सुधारणा करतो, पुस्ती जोडतो, आणि श्रोते वक्त्याचे नव्हे तर त्याचेच ऐकतात.

शब्दसूची: इथे घाई नको

श्रद्धेच्या भाषेत सरळ प्रतिशब्द फसवतात. मराठी ख्रिस्ती माणूस ‘तारण’ म्हणतो तेव्हा त्यात तारणारा कोणीतरी आहे. जैन परंपरेतील ‘मोक्ष’ म्हणजे कर्मबंधातून जीवाची मुक्ती, आणि ती देणारा सृष्टिकर्ता ईश्वर त्या विचारात नाही. भाषांतरात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी आले, तर दोन्ही बाजूंचे लोक आपल्याला समजले असे मानून मान डोलावतात. उलट उदाहरणही आहे. अरबी बोलणारे ख्रिस्ती लोक देवाला ‘अल्लाह’च म्हणतात, त्यामुळे तो शब्द ऐकला म्हणजे बोलणारा मुस्लिमच आहे असे धरून चालता येत नाही.

कामकाजाचे शब्दही तितकेच अडचणीचे असतात. ‘उत्तरदायित्व’ आणि ‘जबाबदारी’ यांतला फरक सगळ्या भाषांत एकेका शब्दाने दाखवता येत नाही. स्पॅनिशमध्ये उत्तरदायित्वासाठी ‘हिशेब देणे’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग वापरतात. म्हणून असा शब्द एकटा न ठेवता वाक्य लिहावे: कोणी, कोणाला, किती दिवसांत, कशाचा हिशेब द्यायचा.

आमची पद्धत अशी: 50 ते 60 शब्दांची यादी संस्थेने द्यायची. आम्ही प्रत्येक भाषेत प्रतिशब्द सुचवतो, आणि मूळ यादी न पाहिलेला दुसरा माणूस ते उलट भाषांतरित करतो. जिथे अर्थ सरकलेला दिसतो तिथे खूण करतो. अशा शब्दांवरचा शेवटचा निर्णय तुमच्या धार्मिक सल्लागाराचा, आणि तो शिबिराच्या 10 दिवस आधी हवा, म्हणजे दुभाष्यांना तयारी करता येते.

तारखा

शुक्रवार ते रविवार हे शिबिरांचे आवडते दिवस, आणि मिश्र श्रद्धेच्या गटासाठी तेच सर्वांत अडचणीचे. शुक्रवारी दुपारी मुस्लिमांची सामूहिक नमाज, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत ज्यूंचा शब्बाथ (साप्ताहिक विश्रांतीचा दिवस), रविवारी बहुतेक ख्रिस्ती लोकांची उपासना. सोमवार ते गुरुवार घेतले तर यातले बहुतेक प्रश्न उद्भवतच नाहीत.

“मागच्या वर्षीच्याच तारखा” असे ठरवू नका. इस्लामी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे असते, त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस आधी येतो आणि तीन वर्षांत महिनाभर सरकतो. ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा नाताळ 7 जानेवारीला येतो. काही जैन सहभागी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून भोजनाची वेळ घड्याळावर नव्हे, त्या ठिकाणच्या सूर्यास्तावर ठरवावी. नोंदणी अर्जात धर्म विचारण्यापेक्षा “उपास, आहार आणि उपासनेच्या वेळा” असा रकाना ठेवा. एकाच धर्माचे दोघे वेगवेगळे पाळतात, आणि आखणीला जे लागते ते नेमके याच रकान्यात मिळते.

मौन म्हणजे होकार नव्हे

नेतृत्वाची खरी परीक्षा इथे असते. अध्यक्षांनी मत मांडले, सभागृह शांत राहिले, ठराव झाला. महिन्याभरात कळते की निम्म्या शाखांनी तो अमलातच आणलेला नाही.

डच संशोधक गीर्ट हॉफस्टेड यांनी 1967 ते 1973 दरम्यान आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून गोळा केलेल्या उत्तरांवरून सत्तेतील अंतराची कल्पना मांडली: अधिकारातली विषमता लोक किती स्वाभाविक मानतात हे समाजागणिक बदलते. ती उपयोगी आहे, पण हे आकडे देशांच्या सरासरीचे आहेत. समोर बसलेल्या माणसावर ते चिकटवू नका. एखादा सहभागी गप्प आहे त्याचे कारण संस्कृती असेल, भाषांतर उशिरा पोहोचत असेल, किंवा त्याचा पगार ठरवणारा माणूस शेजारी बसला असेल. आमच्या मते तिसरी शक्यता आधी तपासावी.

उपाय बाहेरून आणायची गरज नसते. श्रद्धांच्या परंपरांतच तो आहे, आणि तिथून आला की लोक तो मनापासून स्वीकारतात. प्राचीन ज्यू न्यायसभेच्या नियमात देहदंडाच्या खटल्यातली मते कनिष्ठ सदस्यांपासून घ्यायला सुरुवात होई, म्हणजे वरिष्ठांचे ऐकून ती बदलू नयेत. संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील मठनियमावलीत महत्त्वाच्या कामी सर्वांना बोलवावे असे सांगितले आहे, कारण अधिक चांगली गोष्ट देव अनेकदा धाकट्याला दाखवतो. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेत मतदान होत नाही. लेखनिक सभेचा कौल ओळखून ठराव तिथेच लिहितो आणि वाचून दाखवतो.

या तिन्हींतून आम्ही सत्राची एक रीत वापरतो. प्रश्न मांडल्यावर 4 मिनिटे प्रत्येकाने आपल्या भाषेत चिठ्ठीवर लिहायचे. मग पाच-सहा जणांच्या गटात, सर्वांत नव्या सदस्यापासून सुरुवात. गटाचे म्हणणे गटाने निवडलेला माणूस सांगतो. प्रमुखांनी शेवटी बोलायचे, आणि ठराव सर्व भाषांत वाचून झाल्याशिवाय उठायचे नाही. ही रीत बहुतेक वेळा मोडते ती एकाच जागी: प्रमुख “मी फक्त प्रस्तावना करतो” म्हणतात आणि प्रस्तावनेतच आपले मत सांगून टाकतात. प्रस्तावना सत्र चालवणाऱ्या आमच्या माणसाकडे द्या.

धर्माचा अधिकार आणि कारभाराचा अधिकार

अनेक संस्थांत एकच व्यक्ती उपासना चालवते, धनादेशावर सही करते आणि तक्रारीही ऐकते. त्या व्यक्तीच्या सचोटीबद्दल शंका नसली तरी ही रचना तिच्यासाठीच धोक्याची आहे, कारण आरोप झाला तर तिच्या बाजूने सांगणारा स्वतंत्र कागद कुठेच नसतो. कमीत कमी एवढे करा. खर्चाला दोन सह्या असाव्यात, त्या एकाच कुटुंबातल्या नसाव्यात. तक्रार घेणारी व्यक्ती प्रमुखांच्या हाताखालची नसावी, आणि तिचे नाव व संपर्क प्रत्येक भाषेत भिंतीवर लावावा. अध्यक्ष आणि दैनंदिन कारभार पाहणारा संचालक वेगळे असावेत.

उपासनेचे स्थानही लिहून ठरवा. मदतकार्यातील संस्थांसाठी रेडक्रॉस चळवळीने इतर संघटनांसह 1994 मध्ये तयार केलेल्या आचारसंहितेत, मदतीचा वापर धार्मिक वा राजकीय मत पुढे नेण्यासाठी करणार नाही, असे तत्त्व आहे. प्रशिक्षणालाही ते लागू करावे असे आमचे ठाम मत आहे. प्रार्थना वेळापत्रकात जरूर असावी. पण त्याच वेळेला उघडी असलेली दुसरी खोली हवी, हजेरी प्रार्थनेनंतरच्या सत्रात घ्यावी आणि कोणतीही महत्त्वाची सूचना प्रार्थनेच्या वेळी देऊ नये. नाहीतर ‘ऐच्छिक’ हा शब्द कागदावरच राहतो.

शिबिरानंतर

शेवटच्या दिवशीच्या अभिप्राय-अर्जावर बहुतेक लोक पूर्ण गुण देतात. ते सौजन्य असते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 पासून मांडलेल्या, प्रशिक्षण किती उपयोगी पडले हे मोजण्याच्या चार पायऱ्यांत ही फक्त पहिली: प्रतिक्रिया. पुढे शिकणे, वागण्यातला बदल आणि परिणाम या तीन उरतात. त्यामुळे आम्ही शेवटच्या दिवशी एकच प्रश्न विचारतो, “कोणते सत्र पुन्हा घ्यावे लागेल?”, आणि 30 व 90 दिवसांनी सहभागींना त्यांच्या भाषेत फोन करतो. या फोनची यादी संस्थेने द्यायची, पण उत्तरे नावांशिवाय मिळतील हे आधीच मान्य करायचे.

पहिल्या बैठकीला येताना सहभागींची भाषावार संख्या, मागच्या शिबिराची कार्यक्रमपत्रिका, विश्वस्त मंडळाची यादी आणि शब्दसूचीचा कच्चा मसुदा सोबत आणावा. सूची अपुरी असली तरी चालेल, भाषावार संख्या मात्र नक्की असावी, कारण दुभाष्यांची मागणी त्यावरच ठरते.