‘जितके आठवडे, तितका रक्तदाब’?

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, वर्षानुवर्षं चालत आलेलं एक सोपं गणित आहे: बाळ २८ आठवड्यांच्या गर्भारपणानंतर जन्मलेलं, तर सरासरी रक्तदाब किमान २८ (मिमी पारा) हवा. तेवढा भरला की रक्ताभिसरण ठीक. १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञगटाने ही मर्यादा सुचवली आणि लक्षात ठेवायला सोपी म्हणून ती टिकली. पण ती काही भक्कम पुराव्यावर उभी नव्हती.

खरी अडचण अशी की दाब म्हणजे प्रवाह नव्हे. बागेतल्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबा. आत दाब वाढतो, बाहेर पाणी मात्र कमीच येतं. पहिल्या दिवशी अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तवाहिन्या अशाच आकसलेल्या असू शकतात. आकडा छान, मेंदूकडे रक्त कमी. उलटही घडतं: आकडा थोडा खाली, पण बाळ गुलाबी, लघवी व्यवस्थित. अशा बाळाला केवळ आकड्यासाठी औषधं चढवायची का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

म्हणून आता खाटेजवळच इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयातून किती रक्त बाहेर पडतंय ते पाहतात. त्यात ध्वनिलहरी असतात, क्ष-किरण नाहीत. पालकांनी तरी ती भीती सोडावी. कपाळावरची निअर-इन्फ्रारेड प्रकाशाची पट्टी मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज देते, सुई न टोचता.

मग दाब मोजायला नाळेतल्या धमनीत घालतात ती नळी बाद झाली का? नाही. फार आजारी बाळात दाब सतत मोजायला तीच भरवशाची. दाब खाली गेलेला असताना दंडावरचा पट्टा तो जास्त दाखवू शकतो.