तारे सरकले की फोकस सुटला?

माण-खटावच्या किंवा जतच्या उघड्या माळावर काढलेला आकाशगंगेचा फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसतो. घरी शंभर टक्के मोठा करून बघावा तर तारे फुगलेले. बहुतेक जण शटर जास्त वेळ उघडं राहिलं असं म्हणतात, पुढच्या अमावास्येला ती वेळ निम्मी करतात आणि तारे तसेच फुगलेले येतात. दोष बऱ्याचदा फोकसचा असतो.

आधी ताऱ्याचा आकार बघा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे सरकलेला तारा लांबट होतो, शेजारचेही त्याच दिशेने ताणलेले असतात. ध्रुवाजवळ तो जवळपास ठिपकाच राहतो, मृगाच्या पट्ट्यापाशी रेघ सर्वांत लांब. फोकस सुटलेला तारा मात्र फ्रेमच्या मध्यभागीही गोल चकती असतो आणि मंद तारे गायबच होतात, कारण त्यांचा प्रकाश पसरून जातो. फक्त कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटले असतील तर तो लेन्सचा दोष, लेन्सचं छिद्र लहान करा, एफ १.८ वरून २.८ वर या. आणि ध्रुवासकट सगळेच तारे सारखे वाकडे आले असतील तर ट्रायपॉड हलला. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत: तिथे ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका, कॅमेऱ्याचा गळ्यात घालायचा पट्टा काढून ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा.

सरकण्याचं गणित सोपं आहे. ५०० ला फोकल लेंथने (लेन्सवर लिहिलेल्या मिमीच्या आकड्याने) भागा, उत्तर म्हणजे शटर किती सेकंद उघडं ठेवायचं ते: फुल फ्रेमवर (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरवर) २४ मिमीला सुमारे २० सेकंद, दीडपट क्रॉपच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर १४. पण हा नियम ढिला आहे. आकाश सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं, म्हणजे २० सेकंदांत ३००. चोवीस मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर २४ मिमी लेन्सने एक पिक्सेल साधारण ५१ विकलांचा पडतो. म्हणजे मृगाचा तारा सहा पिक्सेल लांब. दहा सेकंद ठेवा, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० वरून ६४०० करा. नॉइज (फोटोतले रवाळ ठिपके) वाढलेला दिसणार नाही असं नाही, पण तो नंतर कमी करता येतो, रेघ पुसता येत नाही.

फोकसला असं सूत्र नाही. ऑटोफोकस बंद करा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, रिंग त्याच्याही पुढे फिरते. व्याध, स्वाती किंवा ज्येष्ठा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, दहापट मोठा करा आणि तो सर्वांत बारीक होईपर्यंत रिंग इकडेतिकडे हलवा. मग चिकटपट्टी लावा. झूम लेन्स असेल तर फोकल लेंथ आधी ठरवा, नंतर झूम हलला की फोकसही हलतो.

समोरची बाभळ आणि तारे एकाच फोटोत स्पष्ट यावेत म्हणून काही जण हायपरफोकल अंतरावर फोकस करतात, म्हणजे जिथे फोकस केला की जवळच्यापासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं तिथे. २४ मिमी, एफ २.८ ला ते सुमारे सात मीटर येतं. त्या हिशेबात ०.०३ मिमीची चकती चालते असं धरलेलं असतं, म्हणजे याच सेन्सरवर पाच पिक्सेल. बाभळीला ते खपतं, ताऱ्याला नाही. बाभळीचा फोटो वेगळा काढा आणि नंतर जोडा.

सुरुवातीचे फोटो नीट आणि पहाटेचे हळूहळू धूसर, ताऱ्यांभोवती वलयं, असं झालं तर रिंगला हात लावू नका. आधी टॉर्चने लेन्सची काच बघा, दव असेल. घाटमाथ्याकडे, कासच्या बाजूला, हा त्रास माणपेक्षा जास्त. लेन्सभोवती रबरबँडने हँड वॉर्मर बांधा, तोही दव पडायच्या आधी.