स्वराज द्वीप (हॅवलॉक)

अंदमानातलं बेट. रिचीज द्वीपसमूहातलं सगळ्यात मोठं, पोर्ट ब्लेअरपासून (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) ईशान्येला साधारण ४० किमी. आधीचं नाव हेन्री हॅवलॉक या ब्रिटिश जनरलवरून पडलेलं, ते ३० डिसेंबर २०१८ ला बदललं. गंमत म्हणजे १९४३ मध्ये नेताजींनी 'स्वराज' हे नाव निकोबारला दिलं होतं आणि अंदमानला 'शहीद', आत्ता मात्र ते या एका बेटाला आलंय. बोलताना अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात.

२०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सहा हजारांच्या वर. बहुतेक घरं बंगाली, १९५० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना इथं जमिनी देऊन वसवलं त्यांची. गावांची नावं ऐकून सोलापूरच्या माणसाला पंढरपुरात आल्यासारखंच वाटतं: गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर! पण रिक्षावाल्याला नाव सांगण्यापेक्षा नंबर सांगा, वस्त्यांना नंबर आहेत आणि बीचही त्याच नंबरानं ओळखतात, ३ नंबर म्हणजे बाजार, ५ म्हणजे विजयनगर, ७ म्हणजे राधानगर. हिंदी सगळ्यांना येते. भात-मासे, नारळ, सुपारीच्या बागा आणि दुर्गापूजा, एकूण बंगालातलं खेडं उचलून समुद्रात ठेवल्यासारखं.

राधानगर बीचला २००४ मध्ये टाइम मासिकानं आशियातला सगळ्यात चांगला बीच म्हटलं होतं. आपल्या काळ्या मातीत वाढलेल्याला ती पांढरी वाळू खरीच वाटत नाही. ती बरीचशी प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा आहे, म्हणून तसली. मागं उंच झाडांचं दाट जंगल.

इथं सूर्यास्त बघायचा तर घड्याळ विसरा. घड्याळ आपलंच, पण बेट सोलापूरच्या पूर्वेला जवळपास १७ रेखांश, दर रेखांशाला ४ मिनिटं धरली तर सूर्य तासाभरापेक्षा जास्त आधी मावळतो, डिसेंबरात पाचच्या सुमारास. आम्ही आपल्या हिशोबानं चहाबिहा पिऊन साडेपाचला पोचलो, अंधार. दुसऱ्या दिवशी चारलाच जाऊन बसलो.

भरती-ओहोटीही आपल्याला सवयीची नाही, सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाचं पाणी कुठं सकाळ-संध्याकाळ मागं जातं? विजयनगरला ओहोटीत पाणी एवढं मागं सरकतं की पोहायचं सोडा, खडकांतून चालत जावं लागतं. वेळा हॉटेलात विचारून घ्या. एलिफंट बीचला बोटीनं नाहीतर जंगलातून चालत जातात, स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघत पोहणं) तिथंच. हत्तींना लाकूडतोडीसाठी आणलेलं, त्यातला राजन समुद्रात पोहायचा म्हणून जगभर गाजला, २०१६ मध्ये गेला.

सोलापूरहून रेल्वेनं चेन्नई, तिथून पोर्ट ब्लेअरला विमान, मग फेरीबोट. फेरीला दीड ते अडीच तास, समुद्र खवळला की उलट्या ठरलेल्या. मे महिन्यातच पाऊस सुरू होतो, पोर्ट ब्लेअरला वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पडतो, त्यामुळं उन्हाळी सुट्टीत जाणं जरा रिस्कच. शंख, पोवळं उचलून आणू नका, विमानतळावर बॅगेतून काढून घेतात.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली तर डबा घट्ट लावा. चटणी टिकते, पण भाकरी त्या दमट हवेत दुसऱ्याच दिवशी मऊ पडते, आणि मऊ कडक भाकरी कुणी खातं का.