एसव्हीडीमधल्या मॅट्रिक्सची साईझ
सिंग्युलर व्हॅल्यू डिकम्पोझिशन उर्फ एसव्हीडीमध्ये कुठलीही मॅट्रिक्स (रांगा आणि कॉलममध्ये मांडलेले आकडे) ए ही यू, सिग्मा आणि व्ही ट्रान्सपोज (रांगा-कॉलमची अदलाबदल केलेली व्ही) या तीन मॅट्रिक्सच्या गुणाकारात मोडता येते. ए चौरस असायलाच हवी असं काही नाही, आणि तिथेच साईझचा घोळ सुरू होतो. ए मध्ये एम रांगा आणि एन कॉलम असतील तर यू एम बाय एम, सिग्मा एम बाय एन, व्ही एन बाय एन. हे पाठ करत बसू नये, यू रांगांची आणि व्ही कॉलमची एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप येतं.

वेस्टर्न लाईन घ्या. चर्चगेट ते विरार २९ स्टेशनं रांगांमध्ये, दिवसाचे २४ तास कॉलममध्ये, आणि प्रत्येक खणात त्या तासाला त्या स्टेशनवर किती जण गाडीत चढले तो आकडा, म्हणजे ए झाली २९ बाय २४. यूचा प्रत्येक कॉलम म्हणजे २९ स्टेशनांवर पसरलेला एक पॅटर्न, म्हणून ती २९ बाय २९. व्हीचा प्रत्येक कॉलम तासांचा पॅटर्न, म्हणून २४ बाय २४. सिग्मा या दोघींना जोडते, ती २९ बाय २४, डायगोनलवर (वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरपं खाली) मोठ्यापासून लहानाकडे २४ सिंग्युलर व्हॅल्यू, म्हणजे कुठल्या पॅटर्नचं वजन किती ते सांगणारे आकडे (निगेटिव्ह कधीच नसतात) आणि खालच्या ५ रांगा नुसते शून्य.

त्या शून्यांमुळे यूचे शेवटचे ५ कॉलम गुणाकारात काहीच करत नाहीत, ते टाकून दिले की थिन एसव्हीडी: २९ बाय २४, २४ बाय २४, २४ बाय २४, आणि ए तंतोतंत परत मिळते. इथे ५ कॉलमनी फरक पडत नाही, पण १० लाख रांगा आणि ५० कॉलमचा डेटा असेल तर पूर्ण यू १० लाख बाय १० लाख होते, ८ बाइटच्या आकड्यांनी ८ टेराबाइट, थिन यू मात्र ४०० एमबीत मावते. म्हणून थिनच वापरावी.

पहिल्या दोनच व्हॅल्यू ठेवल्या तर २९ बाय २, २ बाय २, २ बाय २४, ६९६ आकड्यांऐवजी १०८ (सिग्मातल्या फक्त दोन व्हॅल्यू मोजून, शून्य सोडून). हे अंदाजाचं काम असतं, पण रँक २ मध्ये (म्हणजे दोनच पॅटर्न वापरून) चुकांच्या वर्गांच्या बेरजेच्या हिशोबाने याहून जवळचा अंदाज मिळूच शकत नाही, हे एकार्ट आणि यंग या संशोधकांनी १९३६ मध्ये दाखवलं.

पायथनच्या नमपाय लायब्ररीमध्ये डीफॉल्टला पूर्ण यू येते, सिग्माऐवजी फक्त व्हॅल्यूंची यादी मिळते आणि व्ही आधीच ट्रान्सपोज होऊन येते. मॅटलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर व्ही तशीच देतं, तिकडे ट्रान्सपोज आपण करायचा.